गुडघाभर धाम

वर्धा शहर वर्धा नदीच्या काठावर नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्याला पटवताना आमची दर वेळी पंचाईत होते. वर्धा नदी जिल्ह्याच्या कडेनं, अमरावती-यवतमाळशी शेजारधर्म पाळत निघून जाते. शहराची तहान भागवते ती धाम. तरी शहराला, तालुक्याला, जिल्ह्याला नाव वर्धेचं. धामनं यावर कधी मोर्चा काढला नाही.

मोर्चा काढण्याजोगं तिचं अंगही नाही म्हणा. पवनारच्या पुलावर एप्रिलात उभं राहून पाहुणे विचारतात, ‘‘नदी कुठं आहे?’’ जाणारा-येणारा गावकरी सायकल न थांबवताच सांगतो, ‘‘हे काय जी, खालतं! तिच्यावरच त उभे हाय तुम्ही.’’ खाली काळा खडक, खडकांच्या मधून वाट काढणारं पाणी, आणि त्यात निवांत पडलेल्या म्हशी. पाहुण्याचा चेहरा पडतो. एवढं ऐकून आलेला असतो बिचारा!

ऐकलेलं खोटं नसतं, हीच तर गंमत. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं महामहोपाध्याय मिराशींनी मांडलं. पाचव्या शतकातल्या या राजानं महाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ हे काव्य लिहिलं. विषय काय, तर रामानं समुद्रावर बांधलेला पूल! ज्याच्या राजधानीपाशी धोतर वर खोचून नदी ओलांडता येते, त्याला समुद्र कुठून सुचला असेल? माझा आपला अंदाज : श्रावणातला पूर त्यानं पाहिला असणार. चार दिवस धाम अशी काही फुगते, की वानरसेना हाताशी असावी असं कुणालाही वाटावं. पाचव्या दिवशी पुन्हा म्हशी.

या नदीच्या काठी पुढं विनोबा आले, तेही मोडक्या तब्येतीचे. १९३८ साल. वजन चाळीस किलोच्या आसपास उतरलेलं. गांधीजींना काळजी, थंड हवेच्या ठिकाणी पाठवावं असा विचार. विनोबांनी त्यासाठी निवडलं पवनार! इथला मे महिना ज्यानं सोसलाय, त्यालाच या निवडीतला विनोद कळेल. जमनालाल बजाजांच्या बंगल्याकडे मोटारीनं जाताना, धामच्या पुलावरच त्यांनी डोक्यातले सगळे विचार टाकून दिले. किती जणांनी काय काय टाकलं असेल त्या पुलावरून, पण इतकं मौल्यवान कुणीच नाही. मग रोज थोडं थोडं खणायला लागले, आणि वजन वाढलं! खणताना जमिनीतून राम-भरतभेटीचं शिल्प निघालं, तेही वाकाटकांच्या काळातलं. म्हणजे समुद्रावर पूल बांधणारा राम राजाच्या काव्यात तेवढा नव्हता, दगडातही होता. धामच्या पलीकडचं म्हणून त्या जागेला विनोबांनी परंधाम म्हटलं. १९५९ साली तिथं ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. शेती, स्वयंपाक, छपाई सगळं आश्रमातल्या बहिणीच करत आल्या.

१२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थी याच पाण्यात सोडल्या गेल्या. त्या दिवशी अजूनही पवनारला सर्वोदय मेळा भरतो, लोक हातानं काततात नि सुताच्या गुंड्या अर्पण करतात. मेळ्याच्या दिवशी नदीकाठी पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्याही दिसतात. त्यांतल्या कुणी शेवटचं सूत कधी कातलं, हे विचारायचं नसतं. भाद्रपदात शहरातले गणपती ढोल-ताशांसह इथंच येतात. गांधी, विनोबा आणि डीजेवाली मंडळं, धामनं कुणाला नाही म्हटलेलं नाही. मंडळांना म्हणायला हवं होतं, असं माझं मत.

पवनार सोडलं की ती वणेला मिळते आणि नाव हरवून बसते. वणाही पुढे वर्धेत शिरते. म्हणजे धामचं पाणी शेवटी वर्धेच्याच खात्यावर जमा!

शहरात तिची आठवण निघते ती उन्हाळ्यात, नळ कोरडा पडल्यावर. मग गल्लीत बादल्या घेऊन उभी असलेली माणसं एकमेकांना विचारतात, ‘‘महाकाळीच्या धरणाचं पाणी सोडलं का नाही जी अजून?’’ कुणी म्हणतं, सोडलं. येळाकेळीपर्यंत आलं असंन. कुणी म्हणतं, वाटेतच मुरलं. तेवढ्यात नळ खोकतो आणि चर्चा संपते.