सोलो ट्रिप, बिऱ्हाडासकट

मराठी माणूस युरोपला जातो तो घोळक्यानं. 1984 साली केसरी पाटलांनी केसरी टूर्स काढली, 2013 मध्ये वीणा पाटलांनी वीणा वर्ल्ड, आणि दरम्यान दादर-गिरगावातल्या कितीतरी जोडप्यांनी टूर मॅनेजरच्या झेंड्यामागे चालत, रात्री वरण-भात मिळणार याची सकाळीच खात्री करून घेत, आयफेल टॉवर उरकला. अशा समाजात लालबागच्या एका चाळीतल्या तिशीतल्या मुलीनं जेवताना जाहीर केलं की, बिनपगारी रजा टाकून ती दोन महिने युरोपला जाणार आहे, पाठीवर सॅक घेऊन, स्वस्तात आणि एकटी. घरातला पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. आईनं विचारलं, "एकटी म्हणजे कोणाकोणाबरोबर?"

खर्चाचं बघायला घर समर्थ होतं. 2025 मध्ये युरोनं रुपयांची शंभरी ओलांडली, त्यामुळे हिशेबाला कॅल्क्युलेटरही लागत नाही. पुढे दोन शून्यं लावली की छातीत कळ येते. तिनं हॉस्टेल दाखवलं. तीस युरो, म्हणजे तीन हजार, आणि तेही खोलीचे नव्हेत, खाटेचे. एका खोलीत आठ जण, खाटेवर खाट, संडास-बाथरूम बाहेर सामाईक, सामान कुलपात ठेवायचं, रात्री दिवा लावायचा नाही. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मगे तितक्या लांब कित्याक जातंस?"

त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. रिशार्ड शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाला 1909 साली सहलीला निघालेल्या पोरांसह वादळी पावसात सापडल्यावर एका शाळेत रात्र काढावी लागली. त्यातून त्याला यूथ हॉस्टेलची कल्पना सुचली, आणि 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. जग त्याला आद्य प्रवर्तक मानतं. गिरणगावात मात्र कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी गावकीच्या बैठकीच्या खोल्या चालवल्या, त्यांना कोणी प्रवर्तक म्हटलं नाही. एका गावचे वीस-पंचवीस जण, एक खोली, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच्या जागेवर आडवा व्हायचा. जेवण खाणावळवालीकडे. स्वागतकक्ष नव्हता, नाश्ता समाविष्ट नव्हता, आणि एखाद्याला दहापैकी चार गुण देण्याची सोय तर मुळीच नव्हती. आजोबांनी तिथे उमेदीची वर्षं काढली. डॉर्मिटरीत घोरणाऱ्याचं काय करायचं, याचं त्यांनी नातीला दिलेलं शिक्षण कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात छापता येणार नाही.

बाकीच्या काटकसरीचंही तसंच. युरोपात बाटलीतल्या पाण्याला दोन-दोन युरो जातात म्हणून जाणकार सांगतात की, रोममध्ये रस्त्यावरच्या नळांचं पाणी प्यावं. 1874 पासून बसवत आणलेले हे बिडाचे नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास. त्यांच्या वाकड्या तोटीमुळे त्यांना नाझोनी, म्हणजे नाकाडे, म्हणतात. तोटीच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते आणि वाकायला लागत नाही. प्रवासी याचे व्हिडिओ काढतात. चाळीत वाढलेल्या पोराला नळाच्या तोंडावर बोट दाबायला शिकवावं लागत नाही. दाबू नकोस हे शिकवावं लागतं. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतात, तेही वहीत गेलं. लूव्रनं मात्र जानेवारी 2026 पासून युरोपबाहेरच्यांचं तिकीट 22 युरोंवरून 32 केलं. घरात यावर संताप झाला; पण घारापुरीला आपण आपल्याकडून चाळीस आणि परदेशी पाहुण्यांकडून सहाशे रुपये घेतो, तेव्हा लूव्रला फार बोलायला तोंड नाही.

पैशांचं असं जमत गेलं. जमेना ते एकटेपण.

त्याला पहिला सुरुंग व्हिसानं लावला. युरोपातलं पोरगं बॅकपॅकिंगला निघतं ते टूथब्रश घेऊन. लालबागहून निघायचं तर आयकराची विवरणपत्रं, बँकेचं शिक्क्यासह स्टेटमेंट, कंपनीचं ना-हरकत पत्र, निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, जाण्यायेण्याचं तिकीट आणि मुक्कामांची बुकिंगं एवढा ऐवज लागतो. वाट फुटेल तिकडे जायचं, पण कुठली वाट कुठल्या तारखेला फुटणार ते आधी कळवायचं. फी 90 युरो. जून 2024 मध्ये ती दहानं वाढली, आणि नकार आला तरी परत मिळत नाही. अर्ज कुठे? ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्या देशाकडे. म्हणजे तिला फिरायचं होतं पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत, पण इटलीत दोन रात्री जास्त म्हणून ती कागदोपत्री इटलीची. 180 दिवसांत 90 दिवसांहून जास्त राहता येत नाही. अर्जावर 'एकटा प्रवास' लिहिलं, तरी त्यामागे बँक मॅनेजर, सीए, विमा एजंट, साहेब आणि साहेबांचे साहेब एवढ्यांच्या सह्या उभ्या होत्या. दादरहून भुयारी मेट्रोनं बीकेसीला फाइल द्यायला गेली तेव्हा सोबत बाबाही होते. फाइल जड होती म्हणून.

बरं, हा सगळा उपद्व्याप सीमा नाहीशा करणाऱ्या करारातून निघालेला. 14 जून 1985 रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या गावाशी मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या. आता 29 देश आहेत. लक्झेंबर्गमध्ये 1 मार्च 2020 पासून बस, ट्राम आणि सेकंड क्लासची रेल्वे सगळ्यांना फुकट आहे, हे कळल्यावर बाबांचं मत असं पडलं की, दोन महिने तिथेच काढावेत.

फाइलचा आणि खर्चाचा फार बाऊ व्हायला लागला की आजोबा परळच्या बीआयटी चाळीकडे बोट दाखवत. त्या चाळीतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै 1920 मध्ये लंडनला निघाले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्रानं दिलेलं पाच हजारांचं कर्ज घेऊन. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचं, दुपारचं जेवण टाळायचं आणि रात्री भूक लागली की चार पापड आणि कपभर दूध, असं त्यांचं तिथलं राहणं चरित्रकार धनंजय कीरांनी लिहून ठेवलं आहे. त्यांना पदव्या आणायच्या होत्या आणि त्यांनी त्या आणल्या. हिला फक्त फिरायचं होतं. हा दाखला निघाला की हॉस्टेलच्या भाड्यात नाश्ता नाही, ही तक्रार पुन्हा कोणी करत नसे.

मग मार्ग ठरवायला मजल्याची बैठक बसली. तिनं बोलावली नव्हती, पण चाळीत दार उघडं असलं की तेच आमंत्रण. वरच्या मजल्यावरच्या काकांची एकच अट: मार्सेय. 8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी मोरिया बोटीतून जिथे उडी मारली ते बंदर न पाहता फ्रान्सहून परत यायचं म्हणजे काय? मान्य झालं, मार्सेयला हॉस्टेलही पॅरिसपेक्षा स्वस्त होतं. दुसऱ्या कोणी वाघनखांसाठी लंडन सुचवलं. त्यावर धाकट्या भावानं सांगितलं की, वाघनखं जुलै 2024 मध्येच साताऱ्याला आली; ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, वेगळा व्हिसा लागतो, आणि महाराष्ट्रात ती जिथे असतील तिथे एसटी जाते. लंडन कापलं गेलं. स्वित्झर्लंडवर मात्र तुंबळ झालं. तिथल्या साध्या जेवणाचे आकडे ऐकून आईनं हात जोडले. मावशीचा जीव मात्र 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये अडकलेला. 1995 चा हा सिनेमा आपल्या मराठा मंदिरला तीस वर्षं झाली तरी लागतो, तेव्हा स्वित्झर्लंड मुंबई सेंट्रललाच बघून घे, असा तोडगा निघाला. पर्यटनाच्या इतिहासात इतक्या स्वस्तात आल्प्स कोणी पार केले नसतील.

स्वस्त विमानांचा विषय तिनं स्वतःच काढला आणि पस्तावली. ट्रेनच्या निम्म्या पैशांत पॅरिसला पोचवणारं तिकीट होतं. बारीक अक्षरांत विमानतळ होता बोव्हे. तो पॅरिसपासून 80 किलोमीटरच्या पुढे आहे. लोणावळ्याला उतरवून 'आलं दादर' म्हणण्याचा हा प्रकार; वर शहरात यायला बसचे पैसे वेगळे. आणि फुकट न्यायची पिशवी 40 बाय 30 बाय 20 सेंटिमीटरची. बाबांनी शिंप्याची टेप आणून ट्रेकिंगवाल्या मामेभावाची सॅक मोजली. त्या मापात सॅकचे फक्त पट्टे बसत होते.

खाण्याचा कायदा तर तिनं वाचायलाच नको होता. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप गेलं, पेढे गेले. मासे मात्र वीस किलोंपर्यंत चालतात. हे वाक्य मोठ्यानं वाचल्यावर खोलीत क्षणभर शांतता पसरली आणि मग मालवणी बाजूनं जल्लोष झाला. समोरच्या काकूंना, ज्यांनी घरचं लोणकढं तूप द्यायचं ठरवलं होतं, युरोपच्या संस्कृतीविषयी प्रथमच शंका आली.

राहता राहिली तारीख. सगळे जाणकार सांगतात, सप्टेंबर गाठा: हवा छान, गर्दी ओसरलेली, भाडी उतरलेली. पण सप्टेंबरात लालबाग सोडून जायचं? लालबागचा राजा 1934 पासून बसतोय. त्या दिवसांत दर्शनाच्या रांगेमुळे घरच्या माणसाला घरी पोचायला ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि चाळीच्या गणपतीची पावतीपुस्तकं तिच्याच ताब्यात. अनंत चतुर्दशीच्या आत हलायचं नाही, हे ती स्वतःच म्हणाली. घटस्थापनेनंतर भाडी पुन्हा चढत होती. मधले पंधरा दिवस सगळ्यात स्वस्त, आणि ते का स्वस्त ते कॅलेंडर उलटल्यावर आजीला दिसलं. पितृपक्ष.

विमान कंपन्यांना पितृपक्ष कळत नाही आणि आजीला ऑफर कळत नव्हती. दोन दिवस घरात कोणी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी आजीनंच जुना उपाय काढला: प्रस्थान ठेवायचं. चांगला दिवस बघून सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं की प्रवास त्या मुहूर्तावर सुरू झाला असं धरतात. मग माणूस कधीही निघो. त्याप्रमाणे विसर्जनाच्या सकाळी, ढोल सुरू व्हायच्या आत, हळदकुंकू लावून सॅक समोरच्या काकूंच्या खोलीत गेली. युरोपचा एकटीचा प्रवास कॉमन गॅलरी ओलांडून सुरू झाला.

निघायच्या आदल्या रात्री सॅक परत आणायला भाऊ गेला, तो एका हातानं ती उचलू शकला नाही. दिवाळी तिकडेच होणार म्हणून काकूंनी चिवडा गल्लीतला चिवडा घातला होता, वरच्या मजल्यावरून मेतकूट आलं होतं, मार्सेयवाल्या काकांनी एक जाडजूड चरित्र ठेवलं होतं. आणि अगदी तळाशी, चार पिशव्यांत गुंडाळून वर रबर लावलेली, सुकट होती. वीस किलोंच्या आतच होती.