हरायचे पैसे रोख

एव्हान्सव्हिल, इंडियाना
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

तीर्थरूप आप्पांस,
सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "चिन्या सुट्टीत काय करतोय?" फोनवर सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं लाइन खराब आहे, म्हणून लिहून कळवते. तुमचा नातू त्याच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने या हिवाळ्यात कुठं कुठं जाऊन हरायचं, ते ठरवतोय. त्याचे पैसे मिळतात. हरण्याचेही मिळतात आणि ठरवण्याचेही. ठरवण्याचे जरा कमी.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. पत्र तुम्ही पारावर मोठ्याने वाचणार, आणि एवढी फी भरून पोरगं हे शिकतंय असं गावभर व्हायला नको. हे कॉलेजच्या क्रीडा कचेरीतलं काम. खरं ठरवणार कोच आणि त्यांचे सहायक. हा फोन लावतो, तक्ते भरतो, मोकळ्या तारखा शोधतो. कचेरी उन्हाळ्यात थंड असते म्हणे, तरी निम्मे फोन माझ्या ओट्यापाशी उभं राहूनच होतात.

प्रकार असा आहे. हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागतो. वरच्या पायरीवर देशभरातली साडेतीनशेहून जास्त कॉलेजं, आणि त्यांचे गट, म्हणजे कॉन्फरन्स. एका संघाला साधारण ३१ सामने. त्यातले १८-२० आपल्या कॉन्फरन्समधले, ते कॉन्फरन्सच लावून देते. उरलेले डझनभर ज्याचे त्याने जुळवायचे. कुणाशी खेळायचं, कुणाच्या दारात, कुणी कुणाला किती द्यायचे, सगळं फोनाफोनीवर. चिन्याने हे समजावलं आणि मला आपली जत्रा कमिटी आठवली. तुम्ही मोटरसायकलवरून तालमी पालथ्या घालून रेवड्यांच्या कुस्तीपासून पहिल्या नंबराच्या कुस्तीपर्यंत जोडी लावायचात. पण तुमच्या फडात जोड विजोड निघाली की लोक ओरडून ती मोडायला लावायचे. इथे जोड विजोडच मिळावी म्हणून मोठी कॉलेजं पैसे मोजतात.

त्याला ‘बाय गेम’ म्हणतात. मोठ्याने लहानाला रोख रक्कम द्यायची, लहानाने येऊन खेळायचं, बहुतेक वेळा हरायचं आणि गप बसमध्ये बसायचं. परतीचा सामना नाही. ‘यंदा तुम्ही या, पुढच्या साली आम्ही येतो’ अशा बरोबरीच्या करारालाही नाव आहे, ‘होम-अँड-होम’, पण मोठे लोक लहानांशी असा करार सहसा करत नाहीत. जावईबापूंनी विचारलं, विजय विकत घ्यायचा एवढा खर्च परवडतो कसा? अहो, केंटकी विद्यापीठाचं रप अरेना वीस हजार माणसांचं आहे. तिकीट, पार्किंग, पॉपकॉर्न धरा. हरायला आलेला पाहुणा स्वस्तच पडतो.

कधीकधी मात्र पाहुणा ऐकत नाही. १२ नोव्हेंबर २०१९ ला आमच्या गावच्या एव्हान्सव्हिल विद्यापीठाला केंटकीने ९०,००० डॉलर देऊन बोलावलं. तेव्हाच्या भावाने साठ लाखांच्या वर जातात. केंटकी देशात पहिल्या क्रमांकावर. एव्हान्सव्हिलचे कोच वॉल्टर मकार्टी स्वतः केंटकीच्याच तालमीत तयार झालेले, १९९६ च्या विजेत्या संघातले. एव्हान्सव्हिलने ६७-६४ असं त्यांना त्यांच्याच घरात चितपट केलं, आणि पैसेही घेऊन आले! इनाम आधीच ठरलेलं. ‘हरलात तरच’ अशी अट कागदावर कोण घालणार? गावात आजही हा विषय निघाला की माणसं घड्याळ बघायला विसरतात. त्याच एव्हान्सव्हिलने त्या हंगामात कॉन्फरन्समधले १८ च्या १८ सामने घालवले, तो विषय मात्र कुणी काढत नाही.

पुढे दोनच आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरला, ड्यूक विद्यापीठाची पाळी. आता पहिल्या क्रमांकावर ते होते, आणि कॉन्फरन्सबाहेरच्यांविरुद्ध घरच्या मैदानावर सलग १५० सामने जिंकलेले. टेक्सासच्या स्टीफन एफ. ऑस्टिनला त्यांनी पैसे देऊन बोलावलं, आणि नेथन बेन नावाच्या पोराने जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी धावत जाऊन चेंडू टाकला. ८५-८३. हा बेन बहामाचा. त्याच वर्षीच्या चक्रीवादळाने त्याच्या घरच्यांचं होतं नव्हतं ते नेलं होतं. त्या रात्रीनंतर लोकांनी त्यांच्यासाठी लाखभर डॉलरहून जास्त वर्गणी जमवली. ड्यूकवाल्यांना तो सामना नक्की कितीला पडला, याचा हिशोब चिन्याला अजून लागलेला नाही.

बरं, मोठ्यांनी नुसते दुबळेच बोलवावेत, तर तेही चालत नाही. मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेत ६८ संघ घेतात. त्यातली बरीच नावं समिती निवडते, आणि तिच्यापुढे २०१८ पासून ‘नेट’ नावाची क्रमवारी असते. त्यात जागेला फार किंमत. घरच्या मैदानावर पहिल्या तिसातल्याला हरवलं तर तो अव्वल दर्जाचा विजय. पण पंचाहत्तराव्या नंबरचाही त्याच्या घरी जाऊन हरवला तर तोही अव्वलच. उलट १६०च्या खालचा कुणी आपल्याकडे येऊन हरला तर तो चौथ्या दर्जाचा विजय, आणि चुकून जिंकला तर मार्चपर्यंत ती हार समितीच्या कागदावर. म्हणून मोठ्या कोचना पाहुणा हवा हरणारा, पण अब्रूदार. असा माणूस मिळणं अवघड, हे तुम्हाला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून माहीत आहेच.

यात खरा मार खातो तो लहान गावचा चांगला संघ. त्याच्याशी कुणी खेळत नाही. जिंकलं तर नाव होत नाही, हरलं तर तोंड दाखवायला जागा नाही. तुम्ही सांगायचात ना, त्या धनगराच्या पोराशी तीन वर्षं कुणी जोड घेईना? चिन्याच्या कॉलेजला ही अडचण नाही. त्यांना सगळे बोलावतात. यंदा चांगला सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच गडी, मिळालाय म्हणून कोच खूश आहेत, आणि कचेरीतले हिशोबनीस काळजीत.

कारण या पैशांवरच सगळं चालतं. मिसिसिपी व्हॅली स्टेटसारख्या कॉलेजांचे नोव्हेंबर-डिसेंबर जवळपास सगळे परगावीच जातात. आज इथे, परवा तिथे. चेक घ्यायचा आणि पुढचं गाव. जानेवारीत घरच्या मैदानावर उभी राहतात ती पोरं दमलेलीच असणार. इकडे लोक याला व्यवहार म्हणतात. मला विचाराल तर इनाम पोरांना सोडून बाकी सगळ्यांना मिळणारी ही कुस्ती मला पटत नाही. अलीकडे खेळाडूंनाही पैसे मिळायला लागलेत, पण त्यात मोठ्यांची पोरं मोठी आणि लहानांची लहान, हे आहेच.

आणि गंमत पुढेच आहे. मोठ्यांकडून आलेल्या पैशातला थोडा भाग काढून चिन्याचं कॉलेज आणखी लहान कॉलेजाला आपल्याकडे बोलावतं. खालच्या पायरीवरचं, जिथे खेळाची शिष्यवृत्तीही नसते असं. म्हणजे आम्हीही कुणालातरी हरायला बोलावतो! तो विजय ‘नेट’मध्ये धरत नाहीत. कोचच्या नोकरीच्या कागदात धरतात. परवा चिन्याने अशाच एका कॉलेजाशी अर्धा तास घासाघीस केली आणि फोन ठेवून म्हणाला, "आई, हे तर आपल्याहून महाग निघाले." पलीकडेही कुणाचा तरी नातूच बसला असेल.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात तुम्ही आणि आई येणार, तर तिकीट काढायच्या आधी कळवा. महिन्याच्या सुरुवातीला संघ दोन मोठ्या विद्यापीठांत हरायला जातोय. स्टेडियम बघण्यासारखी, खाणं उत्तम, आणि कुस्ती पाच मिनिटांत संपते. मग परीक्षा, तेव्हा सामने नाहीत. नाताळच्या आधी घरच्या मैदानावर त्या महागड्या लहान कॉलेजाशी सामना आहे, तो जिंकणार असं ठरलंय. आईला थंडी सोसत नाही आणि तुम्हाला हार, म्हणून मी हा घरचाच सुचवते. पण तुमच्या जावयाचं म्हणणं, आप्पांना मोठ्यांकडचाच दाखवू, एखाद्या वेळी पोरं ऐकायची नाहीत.

येताना मेतकूट आणि भडंग आणा. लोणचं नको, मागच्या खेपेला बॅगेत सांडलं होतं.

तुमची,
सुमन