जरा वाचवता का?

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका रविवारी स्वसंरक्षणाचं शिबिर झालं. पोह्यांची सोय असल्यामुळे उपस्थिती दांडगी. शिकवणारी मुलगी कॉलेजातली, अंगाने काटकुळी. पण तिने खजिनदारांचं मनगट धरलं तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातातली बशी तिरकी झाली. "नुसतं मागे ओढू नका काका. माझा अंगठा कुठे आहे बघा आणि त्या बाजूने हात झटक्यात फिरवून काढा. पकड तिथेच कच्ची असते." आणि खरंच निघतो हो हात! मग बराच वेळ वडीलधारी मंडळी एकमेकांची मनगटं धरून सोडवत बसली. देखभालखर्चावरून ज्यांची बोलाचाली बंद आहे, त्यांनी जरा जास्तच घट्ट धरली.

पुढचा धडा ओरडण्याचा. तिथे गाडी अडली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी घसा साफ केला, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, "अहो, जरा वाचवता का?"

सगळे हसले, पण खरी गोम तिथेच आहे. मनगट धरणारा चोर आमच्यासारख्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. जो येतो तो "नमस्कार काकू" म्हणत येतो. त्याच्याकडे सुरा नसतो. आपली भीड हेच त्याचं हत्यार, आणि ते आपणच त्याला पुरवतो.

सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांना दोन धट्टेकट्टे तरुण गाठतात. "आम्ही पोलीस. पुढे चोऱ्या होताहेत आणि तुम्ही अंगठी, साखळी घालून हिंडता? काढा, पुडीत बांधून देतो." एवढी काळजी घरचेही करत नाहीत. आजोबा दागिने काढून देतात, वर आभार मानतात, आणि घरी पुडी सोडतात तर आत खडे. पोलीस असं रस्त्यात दागिने उतरवून घेत नाहीत, ओळखपत्र मागायचं असतं, हे त्यांना ठाऊक असतं. पण मागितलं तर समोरच्याला काय वाटेल?

फोनवरची अटक हा तर भिडेचा कळस. व्हिडिओ कॉलवर खाकीतला साहेब सांगतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. फोन कापला की सुटका. पण कापणार कसा? आपण राँग नंबरवाल्यालाही "बरं, ठेवू का मग?" विचारणारी माणसं.

या सगळ्याला अपवाद आमची नाशिकची आत्या. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कामातून गेलेले. पण दाराची साखळी न काढता फटीतून ती जी मुलाखत घेते, ती भल्याभल्यांना झेपत नाही. एकदा पॉलिशवाला आला.

"आजी, निरांजन द्या, चकाचक करून देतो. फुकट. कंपनीची जाहिरात आहे."

"कुठली कंपनी?"

त्याने काहीतरी नाव घेतलं.

"फुकट करतोस, मग तुला पगार कोण देतं?"

"कंपनी, आजी."

"किती देते? गाव कुठलं तुझं? थांब, शेजारच्या सूनबाईला बोलावते, तिलाही दे करून."

सूनबाई येईपर्यंत पॉलिशवाला जिना उतरला होता. निरांजन खरंच चकाकतं, खोट नंतर असते. भरवसा बसला की ते बांगड्या मागतात. त्याही उजळून मिळतात, पण वजनाला हलक्या. उणं सोनं पॉलिशच्या द्रावणात विरघळून त्यांच्याबरोबर जातं.

कायदाही आत्याच्याच बाजूने आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिचं कलम 34 सांगतं, की स्वसंरक्षणाचा हक्क बजावताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही. जुन्या दंडसंहितेत हेच 96 वं कलम होतं. मुख्य अट ही, की बचावापुरती गरज असेल तेवढीच इजा करायची. आत्याच्या तोंडाला कुठलं कलम लागू होतं, हे तिच्या सुनांनाही अजून सापडलेलं नाही.

मदतीचे नंबरही पाठ असतात सगळ्यांना. संकटात 112. ऑनलाइन पैसे गेले तर 1930, तोही लगोलग, कारण पैसे पुढच्या खात्यांतून पसार व्हायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. तरी "रात्रीचं कशाला त्रास द्यायचा पोलिसांना, सकाळी बघू" म्हणणारे आहेतच. चोर मात्र रात्रीचा त्रास घ्यायला तयार असतो.

म्हणून पुढचं शिबिर भीड मोडण्याचं ठेवावं, असा ठराव मी सोसायटीत मांडणार आहे. वाक्य अर्ध्यात असताना फोन ठेवणे, फटीतून "नको" म्हणणे, अनोळखी माणसाला ओळखपत्र मागणे, एवढाच अभ्यासक्रम. सरावाला विमा विकणारा एखादा नातेवाईक बोलवावा. त्याच्या तोंडावर जो "नको" म्हणून दार लावू शकला, त्याला पोह्यांची दुसरी बशी द्यावी आणि पास करावं. तोतया पोलीस त्याच्यापुढे किस झाड की पत्ती!