थुंकीतलं गणगोत

लहानपणी ओट्यावरून अंगणात थुंकलो म्हणून आजीनं पाठीत धपाटा घातला होता. साठ वर्षांनी ह्यूस्टनला लेकीच्या स्वयंपाकघरात मी एका नळीत थुंकत होतो आणि लेक "बाबा, अजून थोडं" म्हणून हुरूप देत होती. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, हा नियम. म्हणजे सकाळचा चहा लांबला. कोरड्या तोंडानं नळी रेघेपर्यंत भरायची आणि फेस त्यात धरायचा नाही! आमच्या दूधवाल्याला हा नियम कुणी लावला नाही.

काही आठवड्यांनी निकाल आला. मी दक्षिण आशियाई निघालो. एवढ्यासाठी डॉलर मोजले, हे जावयासमोर बोलायचं नसतं. "अरे वा" म्हणालो.

खरी करमणूक पुढच्या यादीत होती. माझ्याशी डीएनए जुळणारी माणसं, आणि बहुतेकांपुढे एकच शब्द: कझिन. अहो, पण कुठला? चुलत, आते, मामे की मावस? नुसत्या टक्क्यांवरून ते कळतच नाही. सख्खे चुलत असोत की मावस, सरासरी १२.५ टक्के. आजोबा, मामा आणि पुतण्या हे तिघंही २५च्या आसपास. या हिशेबानं आहेर कुणाला काय करायचा? त्यात आमच्या घराण्यात मामाची मुलगी करायची चाल. एकाच घरातून दोन-तीनदा धागे आले की बेरीज फुगते आणि लांबचा माणूस यंत्राला जवळचा वाटू लागतो. यादीतल्या एकाला मी उत्साहानं निरोप धाडला. त्यानं उलट विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं?" त्याचाही यंत्रावर फारसा भरवसा नसावा.

तशी पिढ्यांची नोंद मी पूर्वी एकदा पाहिली होती, त्र्यंबकेश्वरला. उपाध्यायांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, आत गेले आणि फडक्यात बांधलेली वही घेऊन आले. मोडीतलं एक अक्षर मला लागेना. त्यांनी पानावर बोट ठेवलं: हे तुमचे पणजोबा, ही त्यांची सही. खाली मुलगे, मुलग्यांचे मुलगे. वही चालते वाय गुणसूत्रासारखी, बापाकडून लेकाकडे. आमच्या पानावर बाईचं एकही नाव नव्हतं.

अहवालात मात्र आईकडचा वंश वेगळा दिला होता. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून मिळतो. आई, तिची आई, तिचीही आई, अशी ती ओळ. लग्नात यांतल्या प्रत्येकीचं आडनाव बदललं, काहींचं पाळण्यातलं नावही. माझ्या वाट्याला आला होता 'एम' गट, भारतात सगळ्यांत जास्त आढळणारा. अख्ख्या ओळीला एक अक्षर.

न राहवून मावशीला फोन लावला. ती ९१ वर्षांची; ऐकू कमी येतं, आठवतं सगळं.

"मावशी, तुमच्या आजीचं नाव काय गं? आईच्या आईचं."

"आम्ही बय म्हणायचो."

"आणि माहेरचं?"

"कुणी विचारलंच नाही रे." जरा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "सकाळचा चहा लांबला की तुझ्यासारखीच चिडायची हो मात्र."