थिबाच्या बागेतलं

तुमच्याही गडग्यापलीकडे एक अण्णा असणारच. आत्याची वाडी मुंबईकर भाच्याच्या नावावर झाली, तो लेंगा वर खोचून झाडांची नावं शोधायला निघाला, की हे कोयती घेऊन हजर. नाव विचारायच्या आत उत्तर तयार.

"ते होय? थिबाच्या बागेतलं."

विहिरीपाशी संध्याकाळी एक गुलाबी फूल उमलायचं. फोनमधलं ॲप म्हणालं, गुलबक्षी, मूळ पेरूकडची. "पेरू तो न्हाणीमागे," अण्णा म्हणाले. "हे थिबाचं. राजा दुपारची झोप काढून उठायचा तेव्हा उमलायचं. सवय जाते होय?"

मेमध्ये पानाचा पत्ता नसताना कोरड्या भुईतून भुईचाफा वर आला. "राजा नजरकैदेत, म्हणून झाडंही लपूनछपून यायची." गडग्यावर घाणेरी माजली होती, तीही सुटली नाही. म्हणे राणी सुपयालत केसांत माळायची. त्या वासासकट?

1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मंडालेच्या राजवाड्यातून उचललं आणि पुढच्या साली बोटीने रत्नागिरीत आणून ठेवलं. राज्य गेलं, जवाहीर बरंचसं हातचं गेलं. इथला राजवाडा झाला 1910 मध्ये, तोवर कुटुंब बंगल्यांतून दिवस काढत होतं. अण्णांच्या हिशोबाने मात्र त्या बोटीत राजापेक्षा रोपंच जास्त असावीत. आमच्या आळीत तेवढी मावली, बाकीची बहुधा राजिवड्याला उतरवली.

शेवटी मी त्यांना फाटकावरच्या मधुमालतीपाशी नेलं. रात्री पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल होते. जगभर तिला रंगूनची वेल म्हणतात. आता तरी ब्रह्मदेश खरा ठरायला हरकत नव्हती.

"ही? छे रे. ही आपली गावठी."

असल्या माणसापुढे ॲप काय करणार! मी फोन खिशात टाकला आणि कंटाळून नुसतं विचारलं, "अण्णा, हा अनंत आत्याने कधी लावला?"

अण्णा एकदम हळू बोलायला लागले. तुझे काका गेले त्या पावसात. फांदी माझ्याकडचीच, दोनदा मेली, तिसऱ्यांदा धरली. ती गोकर्ण पावसच्या माहेरवाशिणीने दिली. अबोलीचे वळेसर तुझी आत्या शनिवारी करायची, एक आमच्या हिच्यासाठी असायचा. ही कोरांटी ती देवाला वाहायची नाही, का ते कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. सुरंगीला बहर आला की पहाटे मला हाक मारायची, कारण गडी वर चढेना.

तासभर ते बोलत होते. थिबा एकदाही आला नाही.

अण्णांना फुलांतलं काही कळत नाही, हे माझं मत अजून कायम आहे. आत्याची वाडी मात्र त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही, आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या मला तर मुळीच नाही. तेव्हा वाडी नावावर असलेल्या मुंबई-पुणेकरांना एवढीच विनंती, की आंब्याच्या पेट्या न्यायला याल तेव्हा एक संध्याकाळ गडग्यावर बसा. राजा मध्ये येईल, येऊ द्या. 1916 मध्ये मरेपर्यंत तीस वर्षं तो इथेच होता.