माई, भिंत आणि आमचं ऊन

"घातलीस का गं आंघोळ तुझ्या लेकरांना?"

सकाळी साडेसहाला हा प्रश्न भिंतीपलीकडून येतोच. लेकरं म्हणजे आमच्या गच्चीवरची सहा सोलर पॅनेलं. मी वर पाइप आणि मॉप घेऊन उभी, माई खाली त्यांच्या तुळशीपाशी. उन्हं चढायच्या आत धुवावी लागतात, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जायची भीती. आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत राहायचं म्हटलं की धूळ आलीच. या गावात 2014 ला हिरवा पाऊस पडला, 2020 ला रस्ता गुलाबी झाला. तेव्हा पॅनेलवर आज कुठल्या रंगाचा थर असेल, हे पुसल्याशिवाय कळत नाही. शिवाय कबुतरं. कबुतरांबद्दल मी सकाळच्या वेळी बोलत नाही.

मिलापनगरला आम्ही तीस वर्षं शेजारी. मधली भिंत कमरेएवढी, तिच्यावर माईंचा कढीपत्ता झुकलेला. तो मला हक्काने तोडता येतो, बदल्यात ऐकून घ्यावं लागतं.

त्या दिवशी मी खाली आले तर माई भिंतीला कोपरं टेकून तयारच.

"धाकट्याचा फोन आला होता रात्री. न्यू जर्सीहून. रडकुंडीला आलाय."

मला वाटलं नोकरी गेली.

"नोकरी नाही गं. ते तुझं खूळ त्यालाही लागलं होतं ना. पंचवीस हजार डॉलरचं सोलर. म्हणे सरकार 30 टक्के करातून सोडतं. साडेसात हजार डॉलर! आणि आता म्हणतो, गेले."

माईंनी सांगितलं त्यातून मी जोडून घेतलं ते असं. तिकडे 2022 च्या कायद्याने ही 30 टक्क्यांची करसवलत 2032 पर्यंत पक्की केली होती. लोक निवांत. मग 2025 च्या जुलैत नवा कायदा आला, 4 तारखेला सही झाली, आणि 2032 चं 31 डिसेंबर 2025 होऊन बसलं. सिनेटमध्ये पन्नास-पन्नास मतं पडली, शेवटी उपाध्यक्षांनी आपलं मत टाकून तोडगा काढला. धाकट्याने म्हणे आपल्या खासदाराच्या ऑफिसात दोनदा फोन केला, पत्र पाठवलं. मग धावाधाव केली. पण सगळ्या अमेरिकेलाच एकदम सोलर हवं झालेलं, त्याच्या कंत्राटदाराने जानेवारीची तारीख दिली. काम डिसेंबरात पुरं झालं तरच सवलत.

"एका मताने गेलं बघ," माई म्हणाल्या. "सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतं तसं."

"म्हणून तर मी म्हणते माई, आपल्यालाही आत्ताच बोलायला हवं."

"आपलं काय? तुला मिळाले की पैसे."

मिळाले, हे खरं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा. झाले 78,000. पुढे कितीही बसवा, आकडा तोच. आमचं तीन किलोवॅटचं काम 1,95,000 ला पडलं, सबसिडी वजा जाता 1,17,000. उन्हाळ्यात महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट निघतात, पावसाळ्यात निम्म्यावर येतं. पूर्वी एसीच्या दिवसांत तीन हजारांचं बिल यायचं, आता दोनशे-अडीचशे. पण ही योजना फेब्रुवारी 2024 ला मंजूर झाली तीच 31 मार्च 2027 पर्यंत. पुढचं कोणी सांगत नाही.

"मुदत संपली की संपली. साड्यांचा सेल नाही का संपत?" माई म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, रागावू नकोस. बंगलेवाल्यांना सबसिडी कशाला? ज्याच्याकडे गच्ची आहे त्यालाच पैसे. माझी लेक घोडबंदरला एकतिसाव्या मजल्यावर. तिने काय खिडकीला पॅनेल लावायचं?"

इथे मी गप्प. माईंचं हे असं असतं. खूळ म्हणता म्हणता बरोबर दुखऱ्या जागेवर बोट.

मी म्हटलं, सोसायट्यांनाही आहे की, लिफ्ट-पंप-जिन्याच्या दिव्यांसाठी किलोवॅटला 18,000. माईंनी हात झटकला. "तिच्या टॉवरला फ्लॅट दोनशे आणि गच्ची आपल्या दोघींच्या अंगणाएवढी. त्यात टाक्या, त्यात मोबाइलचा टॉवर."

माझ्या भावाचं कल्याणला खडकपाड्याला तेच. चार मजली जुनी सोसायटी, गच्ची ऐसपैस, पण सभेत दीड तास एकाच प्रश्नावर गेला: गच्ची कोणाची? वरच्या मजल्यावरचे म्हणाले पॅनेलं आमच्या डोक्यावर येणार, गळती आमच्याकडे. तळमजल्यावरचे म्हणाले आम्ही लिफ्ट वापरतच नाही, आम्ही वर्गणी का द्यायची. एका काकूंनी विचारलं, मग पापड कुठे वाळवायचे? विषय पुढच्या सभेवर. ती पुढची सभा अजून व्हायची आहे. किलोवॅटला 18,000 ऐवजी थोडे जास्त असते तर तळमजलाही विरघळला असता, असं भाऊ म्हणतो. मला शंका आहे. पापडाचं उत्तर कुठल्याच योजनेत नाही.

"आणि ज्यांचं बिलच शंभर युनिटच्या आत, त्यांचं काय?" माईंचा दुसरा चेंडू. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या ताई आयरे गावात राहतात.

त्याचंही गणित मी मांडलं. वीज टप्प्याटप्प्याने महागते: शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे आणखी चढा. माझं सोलर आधी वरचा महाग टप्पा खातं, म्हणून मला परवडतं. ताईंना वरचा टप्पाच नाही, त्यांचं पॅनेल स्वस्त युनिट वाचवत बसणार. म्हणून राज्याने 2025 मध्ये वेगळी योजना काढली, शंभर युनिटच्या आतल्यांसाठी. दारिद्र्यरेषेखालच्या घराला केंद्राचे 30,000 आणि वर राज्याचे 17,500. एक किलोवॅट साधारण पन्नास हजारांत होतं, घरच्यांनी अडीच हजार घालायचे. माईंनी हे लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "छप्पर पत्र्याचं आहे तिचं." मी पुन्हा गप्प.

बरं, सबसिडी एकदाच मिळते. मला धास्ती दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि ती माईंना समजावताना माझा चहा गार झाला.

आमचं मीटर दोन्हीकडे मोजतं. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा वीज बाहेर जाते, रात्री एसीला आत येते. महिनाअखेर युनिटाला युनिट वळतं होतं; उरलं तर पुढच्या महिन्यात, आणि मार्चअखेर हिशेब मिटतो. या वळतं करण्यावरच सगळा खेळ उभा आहे. 2025 च्या सुरुवातीला महावितरणने वीज नियामक आयोगापुढे प्रस्ताव ठेवला, सकाळी 9 ते 5 हे सौर तास. त्या वेळची वीज त्या वेळेच्याच वापरातून वळती करायची. म्हणजे दुपारचं ऊन रात्रीच्या एसीला चालायचं नाही! सोलरवाल्यांत बोंब झाली, सुनावण्यांत लोकांनी हरकती घेतल्या. 28 मार्चला आयोगाचा आदेश आला, एप्रिलमध्ये त्याला स्थगिती, 25 जूनला फेरआदेश, 1 जुलैपासून नवे दर. माझ्या बिलात अजून तरी युनिटाला युनिट वळतंय. पण चार महिन्यांत एवढी खालीवर! पॅनेलं पंचवीस वर्षांची, आणि नियम बदलतो वर्षभरात.

"पण कंपनीचंही काही असेलच की," माई म्हणाल्या. त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात होते, त्यामुळे खात्याची बाजू त्यांना आधी दिसते.

असेल नाही, आहेच. दुपारी आमच्यासारख्यांची वीज नको इतकी येते, संध्याकाळी सात वाजता सगळेच हात पसरतात, तेव्हाची वीज महाग. तारा, खांब, रोहित्रं आमच्यासाठी पण तेवढीच लागतात. म्हणून तर स्मार्ट मीटरवाल्यांना 9 ते 5 मध्ये युनिटमागे 80 पैशांपासून सूट दिलीय, वॉशिंग मशीन दुपारी लावा म्हणून. हे मला पटतं. मी स्वतः कपडे साडेबाराला टाकते. पण नवा नियम नव्यांना लावा. ज्यांनी जुन्या वचनावर गाठीचे लाख घातले त्यांना मधेच नको. कॅलिफोर्नियात 2023 च्या एप्रिलनंतर येणाऱ्यांचा परतावा कापला तेव्हा आधीच्यांना जुन्या हिशेबात ठेवलं होतं, एवढी तरी रीत हवी.

"आणि करात काही नाही का आपल्याकडे? धाकट्यासारखं?"

नाही. कारखान्याने पॅनेल लावलं तर त्याला आयकरात वर्षाला 40 टक्के घसारा धरता येतो. घरमालकाला काही नाही.

"आपल्याला घसारा गुडघ्यात," माई म्हणाल्या.

पुण्यात महापालिका सोलर, पावसाचं पाणी, गांडूळखत यांतलं एक केलं तर मालमत्ताकरात 5 टक्के सोडते, दोन केली तर 10. आपल्याकडेही मागायला काय हरकत आहे? म्हणून मी एक पत्र लिहिलं होतं, खासदारांना, आमदारांना, आणि एक प्रत कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या वीज नियामक आयोगाला, कारण आपल्याकडे दराचं खरं मत तिथे पडतं. मागण्या तीन: मार्च 2027 च्या पुढे सबसिडी चालू ठेवा, बसवलेल्यांचं वळतं करणं मोडू नका, मालमत्ताकरात काही द्या. कॉलनीतल्या चाळीस घरांच्या सह्या घ्यायच्या होत्या. कागद माईंकडे दिला.

तेवढ्यात लाईट गेली. माईंच्या घरातला पंखा थांबला, माझा पण.

"हे गं काय? डोक्यावर लख्ख ऊन, आणि तुझाही पंखा बंद?"

लाईनमनचा जीव जाऊ नये म्हणून अशी रचना असते, बाहेरची वीज गेली की आमचं इन्व्हर्टर आपोआप बंद होतं, नाहीतर आमची वीज खांबावर चढेल. हे मी याआधी दहा वेळा सांगितलंय. माईंना दर वेळी तेवढंच हसू येतं.

लाईट दुपारी आली. संध्याकाळी कागद भिंतीवर कढीपत्त्याच्या फांदीखाली दगड ठेवून ठेवलेला, कोपऱ्याला हळदीचं बोट. माईंनी सही केली नव्हती. तिसऱ्या मागणीखाली टेलिफोन खात्यातल्या माणसाच्या धर्मपत्नीला शोभेल अशा अक्षरात चौथी लिहिली होती: सोसायट्यांचे 18,000 वाढवा आणि पत्र्याच्या छपरावर कसं बसवायचं ते कोणीतरी येऊन दाखवा. पाचवी होती घंटागाडीच्या वेळेबद्दल.

"पाचवी काढावी लागेल माई."

"मग सही नाही," भिंतीपलीकडून आवाज आला.