लंडनमध्ये ओटा भाड्याने घेणे

मुलगा लंडनला असतो, तो "या" म्हणतो आणि त्याच्या घरात एकच खोली असते. या तीन गोष्टी जुळून आल्या की मराठी कुटुंबात सर्व्हिस्ड अपार्टमेंटचा विषय निघतो. हॉटेलचा प्रस्ताव पहिल्याच संध्याकाळी फेटाळला जातो, कारण महिनाभर टोस्ट आणि गोड रश्शातला राजमा खाऊन माणूस टिकत नाही, असे घरातल्या ज्येष्ठांचे ठाम मत असते. मग उरतो तो फ्लॅट. त्यात पलंग असतो, शेगडी असते, टॉवेल कोणीतरी बदलून जाते आणि भाड्याचा आकडा रुपयांत सांगितल्यावर थोडा वेळ कोणी बोलत नाही. असा फ्लॅट निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत इच्छुकांच्या सोयीसाठी पुढे देत आहोत.

मूळ सिद्धांत आधी ध्यानात घ्यावा. आपण लंडनमध्ये ओटा भाड्याने घेत आहोत. पलंग, सोफा, भिंतीवरचे लाल बसचे चित्र आणि खिडकीतून दिसणारे शहर हे सगळे त्या ओट्याबरोबर येते. ज्यांना हा सिद्धांत मान्य नाही, त्यांनी खुशाल हॉटेलात उतरावे आणि चौथ्या दिवशी मुलाकडे वरणभाताची चौकशी करावी.

फोटो पाहण्याची एक रीत आहे. जे फोटो दिले आहेत, ते पाहू नयेत. जो दिलेला नाही, तो शोधावा. टॉवर ब्रिजचे चार फोटो आहेत, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवलेल्या फुलाचा एक आहे आणि ओट्याचा एकही नाही, तर ओटा कपाटात असण्याची शक्यता गृहीत धरावी. यात अतिशयोक्ती नाही. दार उघडले की आत दोन शेगड्या आणि एक बेसिन, दार लावले की स्वयंपाकघर समाप्त, अशी व्यवस्था लंडनमध्ये सर्रास आढळते.

जाहिरातीत 'सुसज्ज स्वयंपाकघर' असे लिहिलेले असते. सुसज्ज म्हणजे वाइनचे सहा ग्लास, बाटलीचे बूच काढण्याचे यंत्र आणि अख्खी टर्की मावेल असा ओव्हन. पोळपाट-लाटणे नाही, पकड नाही, खोलगट कढई नाही. यावर तक्रार करण्यात अर्थ नसतो, कारण पकड म्हणजे काय हे त्यांना ईमेलमध्ये समजावून सांगता सांगता आपलीच भाषा खुंटते. पकड बॅगेत टाकावी. पोळ्यांसाठी वाइनची बाटली लाटणे म्हणून चालते. ती रिकामी कशी करायची, हा ज्या त्या घराचा खाजगी प्रश्न आहे.

आता शेगडी. काळ्या काचेची शेगडी दोन प्रकारची असते आणि फोटोत दोन्ही अगदी सारख्या दिसतात. एक सिरॅमिक, जिच्यावर सपाट बुडाचे कोणतेही भांडे तापते. दुसरी इंडक्शन, जिला लोहचुंबक चिकटेल असेच बूड लागते. घरून प्रेमाने नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर ठेवला, तर शेगडी त्याची दखलही घेत नाही. दोनतीनदा चिवचिवते आणि बंद पडते. म्हणून निघण्यापूर्वी फ्रिजवरचे एक चुंबक काढून कुकरच्या बुडाला लावून पाहावे. चिकटले तर कुकर बॅगेत, नाही तर माळ्यावर. मिक्सरची मात्र काळजी नको. तिथला वीजपुरवठाही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचाच आहे. फक्त प्लगच्या तीन पिना चौकोनी असल्याने ॲडाप्टर लागतो आणि तो सव्वाशे देशांत चालणारा डौलदार ठोकळा न घेता साधा, दणकट घ्यावा.

पण खरी परीक्षा फोडणीची. मोहरी तडतडते, हिंग फुलतो, मिरची पडते आणि या तिसऱ्या पायरीवर छतावरचे यंत्र किंचाळायला लागते. हॉल आणि स्वयंपाकघर एकाच खोलीत असले की धूर ओळखणारे यंत्र सोफ्यावर टांगलेले असते आणि सोफ्यापासून कढई चार पावलांवर असते. स्वयंपाकघराला वेगळी खोली आणि दार असेल, तर आत बहुधा उष्णता ओळखणारे यंत्र बसवतात. ते फोडणीला धूप घालत नाही. म्हणजे दार असलेले स्वयंपाकघर मिळवण्यासाठी चार पौंड जास्त पडले तरी ते खर्ची घालावेत, हा या लेखातला एकमेव महाग सल्ला आहे. काही अनुभवी मंडळी त्या यंत्राला शॉवर कॅप घालतात. हे करू नये. करारात त्यासाठी दंड असतो आणि आग कधीतरी खरीही लागते.

शेगडीवरच्या चिमणीचीही चौकशी करावी. अनेक इमारतींत ती धूर बाहेर टाकतच नाही. कोळशाच्या जाळीतून तो गाळून त्याच खोलीत परत सोडते. म्हणून "स्वयंपाक करता येईल का?" असे विचारू नये, उत्तर नेहमी "अवश्य" असेच येते. "चिमणीची हवा इमारतीबाहेर जाते की खोलीत परत येते?" असे विचारावे. उत्तराला दोन दिवस लागले, तर ती परत येते असे समजावे. मग खिडकी उघडू म्हणाल, तर वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या सुरक्षेसाठी साधारण दहा सेंटिमीटरच उघडतील अशा जखडलेल्या असतात. त्या फटीतून फोडणीचा वास बाहेर जायला तयार नसतो.

इथे एक गुपित सांगून ठेवतो. पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना पाच तारेवाले सोडून द्यावेत. "खोलीला आधीच्या लोकांच्या जेवणाचा वास येत होता" अशी तक्रार कोणी केली आहे का, ते शोधावे. सापडली की तो फ्लॅट आपला. तिथे आपल्याआधी कोणीतरी मनसोक्त रांधून गेले आहे आणि इमारत अजून उभी आहे.

क्षेत्रफळाबद्दल थोडक्यात. इंग्लंडच्या राष्ट्रीय मापदंडानुसार एका माणसाच्या फ्लॅटला निदान ३७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे चारशे चौरस फूट जागा हवी. हा मापदंड राहत्या घरांसाठी आहे. हॉटेलच्या धर्तीवरचा स्टुडिओ त्याहून बराच लहान असू शकतो आणि त्यातच 'चार जण झोपू शकतात' असे लिहिलेले असते. त्यातले दोघे सोफ्यावर, ज्याच्या मधल्या दांड्याची ओळख कंबरेला पहिल्याच रात्री होते. पलंगाचेही नीट विचारावे. तिथला डबल बेड १३५ सेंटिमीटर रुंद असतो आणि ज्याला ते किंग म्हणतात तो १५०, म्हणजे आपल्याकडचा क्वीन. तीस वर्षांच्या संसाराला १३५ सेंटिमीटर पुरतात का, याचा निर्णय उभयतांनी भारतातच घ्यावा. कार्पेट एरियाबद्दल मात्र लंडनमध्ये फसवणूक होत नाही. जिथे तिथे खरोखरच कार्पेट असते.

न्हाणीघर हा प्रकार जरा सविस्तर सांगायला हवा, कारण त्याबद्दल कोणी विचारत नाही आणि नुकसान तिथेच होते. तिथल्या बाथरूमच्या जमिनीला जाळी नसते. पाणी फक्त टबात किंवा शॉवरच्या काचेआड पडावे अशी अपेक्षा असते आणि टबाला बहुतेक वेळा अर्धीच काच असते. आपल्याकडचे ज्येष्ठ टबात बादली ठेवून, तांब्याने डोक्यावर पाणी घेत, मधूनमधून बाहेरच्या फरशीवर पाय ठेवून सुखाने स्नान करतात. ते पाणी जाणार कुठे? फरशीच्या कडेने, दाराच्या फटीतून, कार्पेटखालून ते खालच्या मजल्यावरच्या इंग्रज शेजाऱ्याच्या छतात जाते आणि तो शेजारी फारच सौम्य शब्दांत, पण लेखी तक्रार करतो. म्हणून टबाऐवजी बंदिस्त शॉवर असलेले घर बघावे आणि बसून अंघोळ करायची असेल तर आत प्लास्टिकचे स्टूल मावते का, ते विचारून घ्यावे. कमोडला जेट नसतो, त्यामुळे पाण्याचा मग सोबत न्यावा. बाथरूममध्ये दाढीच्या यंत्रापुरता सॉकेट असतो, गीझरचे बटण शोधत बसू नये. दिव्यासाठी छतावरून एक दोरी लोंबत असते. ती ओढायची. मात्र लाल रंगाची असेल तर ओढू नये, ती मदतीसाठी असते आणि मदत खरोखरच येते.

कपडे धुण्याचे यंत्र स्वयंपाकघरात, शेगडीच्या शेजारी असते. याला विटाळ मानणाऱ्यांनी आधीच मनाची तयारी करावी. धुणारे आणि वाळवणारे यंत्र एकच असल्याने एका चादरीला अर्धा दिवस लागतो आणि ती गरम, चुरगळलेली, किंचित दमट अशी हातात येते. गॅलरीत दोरी बांधायची परवानगी बहुतेक इमारती देत नाहीत.

उन्हाळ्यात जात असाल तर पंख्याचे विचारा. छताला पंखा नसतो आणि एसी क्वचित असतो. "लंडनला कशाला हवा पंखा" म्हणणाऱ्यांना सांगावे की १९ जुलै २०२२ रोजी हीथ्रोला पारा चाळीस अंशांच्या वर गेला होता. जूनमध्ये सूर्य पहाटे पावणेपाचला उगवतो, तेव्हा जाड पडदे आहेत ना, हेही विचारून घ्यावे. डिसेंबरमध्ये तो चारच्या आत मावळतो, तेव्हा पडद्यांची फिकीर नको.

जागा निवडताना नकाशा उघडून मध्यभागी बोट ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. लंडनचे वाहतुकीसाठी झोन पाडले आहेत. दुसऱ्या झोनमधले, भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून पायी दहा मिनिटांवरचे घर उत्तम. पण स्थानकात लिफ्ट आहे का, ते आधी पाहावे. भुयारी रेल्वेची २७२ स्थानके आहेत आणि रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता जाता येईल अशी त्यातली साधारण एक तृतीयांशच. गुडघ्यांचे ऑपरेशन झालेल्या आईसाठी ही एक माहिती सगळ्या फोटोंहून महत्त्वाची. घराच्या लिफ्टचेही तसेच. जुन्या देखण्या इमारतीत चौथा मजला म्हणजे चौथाच मजला. 'गार्डन फ्लॅट' बहुधा अर्धा जमिनीखाली असतो. तिथून बाग दिसते खरी, पण त्याआधी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला दिसतात.

किराण्याचा विचार नकाशातच करावा. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मेथीची जुडी मिळते, साउथॉल एलिझाबेथ लाइनवर हीथ्रोच्या जवळ आहे आणि युस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी जेवण आणि डाळी दोन्ही मिळतात. रविवारी मोठी दुकाने फक्त सहा तास उघडी ठेवता येतात, म्हणून रविवारी संध्याकाळी उतरणाऱ्यांनी पोह्याची पिशवी हँडबॅगेत ठेवावी. तूप, खवा, पेढे मात्र नेऊ नयेत. भारतातून दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. बेसनाचा तुपातला लाडू या व्याख्येत बसतो का, यावर विमानतळावर मराठीत युक्तिवाद करण्याची वेळ येऊ देऊ नये. गणपतीच्या सुमारास जात असाल तर डॉलिस हिलला १९३२ पासूनचे महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे मोदक मिळतील.

आता कायद्याची बाजू. ग्रेटर लंडनमध्ये संपूर्ण राहते घर पर्यटकांना वर्षात ९० रात्रींपर्यंत देता येते. त्यापुढे स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. ही तरतूद २०१५ सालची. तिकडे घराचा वापर बदलणे हा केवढा प्रश्न असतो, ते महाराष्ट्र शासनाला विचारावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. निवासी घराचे संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलने नकार दिला, चौकशी बसली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली, तेव्हा कुठे ते स्मारक म्हणून कायम झाले. (ते अवश्य पाहून यावे.) तात्पर्य इतकेच की, आपण घेतलेला फ्लॅट पूर्णवेळ याच व्यवसायाचा आहे की कोणाचे तरी राहते घर, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. स्वागतकक्ष असलेली इमारत असेल तर चिंता नाही. नसेल तर किल्ली दाराशेजारच्या डबीत असते, डबीचा आकडा ईमेलमध्ये असतो, ईमेल फोनमध्ये असतो आणि फोनचा रोमिंग पॅक उद्यापासून सुरू होणार असतो. पाऊस मात्र आजच सुरू असतो. आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा.

भाड्याचा एक मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. तिथला व्हॅट २० टक्के आहे, पण सलग २८ दिवसांहून जास्त मुक्काम झाला तर २९ व्या दिवसापासून तो पूर्ण रकमेवर न लागता फक्त सेवांच्या हिश्श्यावर लागतो. हा हिस्सा निदान एक पंचमांश धरतात. महिना-दीड महिना राहणार असाल तर ही सवलत दरात धरली आहे का, असे लेखी विचारा. सिटी भागातले फ्लॅट ऑफिसवाल्यांसाठी असतात, तिथे शनिवार-रविवारी दर उतरलेले सापडतात. सफाई आठवड्यातून एकदा की रोज, सफाईचे पैसे वेगळे का आणि अनामत म्हणून कार्डावर किती रक्कम अडवणार, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

आणि करारातले वासाचे कलम नीट वाचा. घराला वास राहिला तर जादा सफाईचे पैसे अनामतीतून कापले जातात. म्हणून शेवटचे दोन दिवस ओट्यावर दहीभाताशिवाय काही करू नका. भूक लागली तर ड्रमंड स्ट्रीटवर जाऊन डोसा खा, खिडक्या दहा सेंटिमीटर उघड्या ठेवा आणि हिंगाची डबी आदल्या रात्रीच बॅगेत भरा.